स्थलकथा : भूमी, नाव आणि श्रद्धा

डोंगर, शिळा, झरा किंवा गावाचे नाव यांची उत्पत्ती सांगणाऱ्या लोककथेस 'स्थलकथा' म्हणतात. कहाणी आटपाट नगरात घडू शकते. स्थलकथेला मात्र बोट दाखवून सांगता येईल असे ठिकाण लागते. ही प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. आयर्लंडमधील बॉईन नदी बोअन या देवीमुळे उगम पावली, अशी कथा मध्ययुगीन आयरिश वाङ्मयात येते.

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगेत रामकथेची अशी एक मालिकाच आढळते. येडशीजवळच्या दरीत रामलिंग हे देवस्थान आहे. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाशी जटायू येथे झुंजला, अशी श्रद्धा असून तेथे जटायूची समाधी दाखवली जाते. पुढे, सीतेच्या शोधात व्याकूळ झालेल्या रामाची परीक्षा पाहण्यासाठी पार्वती सीतेचे रूप घेऊन आली. रामाने तिला ओळखले. 'तू का आई?' या त्याच्या उद्गारावरून तुळजापूरची देवी 'तुकाई' झाली. तिला 'वेडी' म्हटल्यावरून येरमाळ्याची देवी 'येडाई', म्हणजेच येडेश्वरी झाली, असे सांगतात. तुळजापूरच्या घाटशिळेवरून देवीने रामाला लंकेची वाट दाखवली, असे मानतात.

या नामकथांतील श्लेष केवळ मराठीतच साधतो, हे ध्यानात घ्यावे. 'तू का आई' हे शब्द अन्य भाषेत नेले की 'तुकाई' उरत नाही. याउलट, अनुभूतीच्या हाकेला त्वरेने धावून आली म्हणून 'त्वरिता' आणि त्यावरून 'तुळजा', ही पुराणकथेतील व्युत्पत्ती संस्कृताचा आधार घेते. एकाच देवीच्या नावाभोवती ग्रंथपरंपरा आणि मौखिक परंपरा अशा दोन परंपरा नांदतात.

म्हणून स्थलकथेला 'हे खरोखर घडले का?' एवढाच प्रश्न विचारणे अपुरे ठरते. लोकव्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकेलच असे नाही. तरी ती कथा सांगणाऱ्या समाजाची भाषा, श्रद्धा आणि भूमीशी असलेले नाते ती उघड करते. रामायणातील दूरचा प्रवास ती आपल्या शिवारातून नेते. सांगणारी पिढी मावळली, तर शिळा उरेल. तिचा अर्थ मात्र हरवेल.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एक स्थलकथा दोन वडीलधाऱ्या व्यक्तींकडून ऐकून त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. दोन्ही पाठांतील फरक नोंदवा आणि त्यांची कारणमीमांसा करा.