तिथी, शनिवार आणि फेरीबोट

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला गाड्या घेऊन जाणाऱ्या रो-रो बोटीचं वेळापत्रक पाहताना शेजारी पंचांग असावं. वार बघायचा तो गर्दीसाठी, तिथी बघायची ती पाण्यासाठी. अशी सेवा आखणाऱ्याचं निम्मं डोकं या दोघांची सांगड घालण्यातच जात असणार.

कोळ्यांचा हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास पाणी तळाला जातं ते पहाटे-सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी. तेही उधाणाचं पाणी. मुंबई बंदरात अशा दिवशी पातळीत साडेचार मीटरपर्यंतही फरक पडू शकतो; अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, बराच कमी. आणि अलिबागला निघालेल्या मुंबईकराची घाई कधीची? शनिवारी सकाळी जायची आणि रविवारी संध्याकाळी परतायची! पौर्णिमा शनिवार-रविवारला लागून आली की गाड्या सर्वांत जास्त आणि पाणी सर्वांत कमी, असा योग जुळतो. सोयीची वेळ छापून ती वर्षभर पाळणं इथे शक्यच नाही.

मी गुढियारीचा. रायपूरच्या या ठोक बाजारात ट्रकचा फाळका पाडला की तो गोदामाच्या ओट्याला भिडतो आणि पोती उतरायला लागतात. ट्रकच वर-खाली होत राहिला तर हमालांनी काय करायचं, हा प्रश्न मला मांडव्याला पडला. बोट धक्क्याला लागते, लोखंडी रॅम्प उतरतो, काँक्रीटवर टेकतो, लाटेबरोबर किंचित सरकून घासतो. पहिली गाडी चढते तेव्हा पुढच्या आणि मागच्या चाकांचे दोन वेगळे धाड-धाड आवाज येतात. चढ जरा उभा असला की बुटक्या गाड्यांच्या पोटाची काळजी. अशा एका गाडीचा ड्रायव्हर सरळ चढत होता. खलाशानं तळहात दाखवून त्याला थांबवलं, गाडी तिरकी घ्यायला लावली. एकेक चाक वर आलं. आत मग बंपरला बंपर, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. गाड्या कुठे लावायच्या हे ड्रायव्हर ठरवत नाही. वजन एका कुशीला जाऊन चालणार नसतं.

बोट ग्रीसमध्ये बांधलेली, नाव ‘प्रोटोपोरोस’. दीडशेच्या आसपास गाड्या मावतात. सेवा सुरू झाली १५ मार्च २०२० ला, म्हणजे मुहूर्त कोणी काढला होता कोण जाणे. करोनामुळे काही दिवसांतच ती थांबली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. पनवेल-पेण-वडखळमार्गे शंभरावर किलोमीटर आणि तीन-चार तास लागतात, तिथे समुद्रातून तासाभरात पलीकडे. गेटवेहून सुटणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात, ही मोठी बोट मात्र पावसातही चालते. तिचा खरा फायदा मला हाच वाटतो.

या सेवेचा खरा शत्रू गाळ. लाटा अडवायला मांडव्याला बंधारा घातला, तो हवाच होता. पण पाणी निवलं की गाळही बसतो. तो उपसायचा, पुन्हा साचला की पुन्हा उपसायचा. जहाज एकदाच विकत घेता येतं, खोली मात्र सतत विकत घ्यावी लागते. कोकणात दाभोळ-धोपावेची फेरीबोट २००३ पासून चालते आहे. लोक तिला जंगलजेटी म्हणतात. तिथे बोट लहान, तळ उथळ आणि पल्ला खाडीपुरता. पाणी उतरलं की उतरत्या धक्क्यावर जरा खाली टेकायचं, एवढंच. वाशिष्ठीच्या मुखाशी जे इतक्या थोडक्यात भागतं, ते मांडव्यात भागत नाही. तिथे गाड्या एकदम शंभर-दीडशे न्यायच्या असतात, म्हणून बोट मोठी, आणि मोठ्या बोटीला पाणी जास्त.

शिवाय रस्त्याची स्पर्धाही वाढते आहे. जानेवारी २०२४ मध्ये समुद्रावरून जाणारा अटल सेतू सुरू झाला. करंजा-रेवस पुलाचं काम चालू आहे. तो झाला की गाडी उरणमार्गे थेट रेवसला उतरेल. त्या दिवसानंतरही शनिवारी सकाळी धक्क्यावर रांग लागेल का, यावर आखणी करणाऱ्यानं आताच पैज लावायला हवी. टोल आणि बोटीचं भाडं शेजारी शेजारी मांडून, आणि मंगळवारच्या रिकाम्या फेरीचं डिझेल त्यात धरून.