काटा खाली आला तेव्हा

बोरघाटाच्या चढावर गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला आणि मिनिटाभरात आपणहून खाली घसरला. "झाली एकदाची थंड," आम्ही सगळेच म्हणालो. दोन वळणं गेली नाहीत तोच बॉनेटमधून वाफ फुसफुसायला लागली.

काटा का उतरला, हे दुसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या गॅरेजात कळलं. त्या काट्यामागे एक बारीकसा सेन्सर असतो. तापला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, त्यावरून काटा हलतो. पण तो बसवलेला असतो पाण्यात. पाणी ओसरलं की सेन्सर उघडा पडतो, आणि पाण्याइतकी उष्णता हवा त्याला देऊ शकत नाही. म्हणजे आम्ही निःश्वास सोडला तो नेमका इंजिन कोरडं पडल्याच्या क्षणी!

सिलेंडरमधल्या जाळाचं तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन वर्षानुवर्षं टिकतं, कारण जाळापासून काही मिलिमीटरवर, भिंतीच्या पलीकडे, पाणी खेळत असतं. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळमानाने तिसरा हिस्सा ते उचलतं आणि रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्यावर सोडतं.

आणि एवढं करून ते उकळत नाही. खंडाळ्याच्या उंचीवर पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गाडीतल्या पाण्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल मिसळलं की उकळी शंभराच्या पुढे सहा-सात अंश सरकते. खरी कमाल मात्र रेडिएटरच्या झाकणाची. त्यातली स्प्रिंग आत सुमारे एक बार जास्तीचा दाब धरून ठेवते आणि उकळी सव्वाशे अंशांच्या घरात जाते. आपल्या कुकरचीच युक्ती, फक्त कुकर शिट्टी देतो आणि हे झाकण गप्प असतं. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही ते याचसाठी: दाब सुटताक्षणी आतलं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं.

गॅरेजातल्या मिस्त्रींनी गळती शोधली नाही, आधी तेलाचं झाकण काढून आतून बोट फिरवलं. तिथे दुधाळ चहाच्या सायीसारखा थर असता तर तेलात पाणी शिरलं, म्हणजे बहुधा हेड गॅसकेट, जाळ, तेल आणि पाणी एकमेकांपासून वेगळं ठेवणारी इंजिनातली पट्टी, गेलं. थर नव्हता. मग रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून इंजिन चालू केलं. गॅसकेट फाटलं असेल तर जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड पाण्यातून बुडबुडत वर येतो आणि तो द्रव पिवळा पडतो. आम्ही चौघं त्या नळीकडे परीक्षेच्या निकालाकडे पाहावं तसे बघत होतो. निळा तो निळाच राहिला.

"थर्मोस्टॅट काढून टाकलाय का कुणी?" त्यांनी विचारलं. आपल्याकडे ही खोड फार. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची एक इवली डबी. साधारण ८५ अंशांना मेण वितळतं, फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. ना वायर, ना बॅटरी. "उष्ण देशात कशाला हवा" म्हणून तो फेकून देणारे भेटतात. मग इंजिन वेळेवर तापतच नाही आणि जास्तीचं पेट्रोल पिऊ लागतं. आमचा जागेवर होता.

शेवटी गाडी पुरती तापवून मिस्त्रींनी फडक्यातून रेडिएटरचा वरचा पाईप दाबला. "बघा, दम नाही." तापलेल्या गाडीत हा पाईप घट्ट लागायला हवा. थंड गाडी चालू करताच मिनिटभरात तो दगडासारखा झाला असता तर संशय पुन्हा गॅसकेटवर गेला असता. आमचा शेवटपर्यंत मऊच. आत दाब धरतच नव्हता.

गाडी तासभर निवू दिली, मग झाकण काढून उलटं केलं. रबराच्या कडीला केसाएवढी चीर. तेवढ्यातून दाब निसटत होता, चढावर पाणी अवेळी उकळत होतं, रेडिएटरशेजारची जादा पाण्याची बाटली भरून रस्त्यावर सांडत होतं. गॅरेजात सांडलेलं मी नळाच्या पाण्याने धुऊन टाकलं, कारण ग्लायकॉल चवीला गोड आणि कुत्र्यामांजरांना जीवघेणं.

नवं झाकण बसवलं, कूलंट भरलं, हवा काढली. घाट उतरून पुन्हा चढलो. वर टपरीपाशी थांबून मी बॉनेट उघडलं आणि फडक्यातून पाईप दाबून पाहिला. टणक.