गाळ्यातला कामगार कोण मोजणार?

उद्योग, रोजगार आणि सरकारी धोरण यांवरचे संशोधन चाळताना एक गोष्ट सतत खटकते: मालक आणि कायदा यांवर भरपूर लिहिले जाते, कामगार मात्र आकड्यांच्या रकान्यात विरून जातो. अशा संशोधनासाठी आपल्या मुंबई उपनगरांइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. मरोळला एमआयडीसी, शेजारी १९७३ साली सुरू झालेले सीप्झ हे निर्यात क्षेत्र, घाटकोपर ते मुलुंड लालबहादूर शास्त्री मार्गावर जुने कारखाने आणि त्यांच्या जागी उभे राहिलेले मॉल नि टॉवर. अभ्यास करणारेही इथलेच: देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पवईची १९६३ सालची ‘नीटी’, जी आता आयआयएम मुंबई झाली आहे.

व्यवस्थापनावरचा गाजलेला प्रयोगही इथून दूर झाला नाही. बोरिवलीहून डहाणू लोकल पकडली की बोईसर लागते, तिथून जवळच तारापूर. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर-उंबरगाव पट्ट्यातले १७ कापड-उद्योग निवडले. काही कारखान्यांची महिनाभर नुसती पाहणी केली, तर काहींत त्यापुढे चार महिने सल्लागार तळ ठोकून बसले. शिकवले काय, तर माग का बंद पडला याची रोज नोंद ठेवा, कापडातल्या दोषांचा हिशेब ठेवा, गोदामात सुताचे गठ्ठे किती आहेत ते लिहा, मशीनचे सुटे भाग जागच्या जागी ठेवा. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगानंतर नऊ वर्षांनी तेच संशोधक परत गेले, तेव्हा शिकवलेल्या निम्म्याच्या आसपास पद्धती सुटल्या होत्या, पण या कारखान्यांची आघाडी टिकून होती.

मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. उद्योग किती वाढेल हे मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, यावर ठरत होते. परक्या मॅनेजरच्या हाती किल्ल्या द्यायला कुणी धजावत नव्हते, कारण त्याने चोरी केली तर कोर्टात न्याय मिळायला वर्षे जाणार. मुलीच्या हाती किल्ल्या द्याव्यात, हेही या घरांना सहसा सुचत नव्हते. मागावर राबणाऱ्याच्या पगाराचे काय झाले, हा मात्र या प्रयोगाचा मुख्य प्रश्न नव्हता.

कामगार कायद्यावरचा वाद जुना आहे. अर्थतज्ज्ञ बेस्ली आणि बर्जेस यांनी २००४ साली राज्यांची वर्गवारी करून महाराष्ट्राला ‘कामगारधार्जिण्या’ रकान्यात बसवले आणि अशा राज्यांत नोंदणीकृत कारखानदारी मागे पडते असे मांडले. आदित्य भट्टाचारजी यांनी ती वर्गवारीच उलटतपासली: कायद्यातल्या एका किरकोळ दुरुस्तीच्या जोरावर गुजरातलाही त्याच रकान्यात टाकले होते. हा आक्षेप मला पटतो. पुस्तकातला कायदा आणि गाळ्यातला कायदा वेगळे असतात. साकीनाक्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एकाच शटरवर दोन फर्मच्या पाट्या दिसतात, एक भावाच्या नावाची, दुसरी बायकोच्या. आत प्रेस मशीन तीच, माणसेही तीच, मस्टर मात्र दोन. प्रॉव्हिडंट फंड लागू होतो वीस माणसांपासून, ईएसआय दहापासून, त्यामुळे माणसे कागदावर वाटली जातात. उरलेली ठेकेदाराच्या नावावर. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा नव्या औद्योगिक संबंध संहितेने १०० वरून ३०० वर नेली, त्यावर अग्रलेख लिहून झाले. या गाळ्यांना ना आधीची मर्यादा लागू होती, ना आताची.

मुंबई विद्यापीठात ललित देशपांडे यांनी कारखान्यातला, छोट्या आस्थापनेतला आणि रोजंदारीवरचा कामगार असे तीन गट करून शहराचा श्रमबाजार तपासला. एका गटातून दुसऱ्यात जाणे किती अवघड असते, हे त्यातून दिसले. प्रत्यक्ष रस्त्यावर उतरून केलेल्या मोजणीने काय साधते, ते फेरीवाल्यांच्या बाबतीत सिद्ध झाले. १९९८ च्या सुमारास टाटा संस्था आणि ‘युवा’ ही स्वयंसेवी संस्था यांनी महापालिकेच्या जागांवरचे फेरीवाले मोजले, आकडा लाखावर गेला. समाजशास्त्रज्ञ शरित भौमिक यांनी सात शहरांचा अभ्यास केला. पुढे २००४ चे राष्ट्रीय धोरण आणि २०१४ चा कायदा आला. अंमलबजावणी रखडली, अंधेरी आणि बोरिवली स्टेशनबाहेर उचलाउचली थांबलेली नाही. तरीही आज फेरीवाल्याच्या हातात दाखवायला एक कायदा आहे. गाळ्यातल्या कामगाराकडे तेवढेही नाही.

केंद्राच्या श्रमबल पाहणीत लेखी करार, पगारी रजा आणि सामाजिक सुरक्षा यांबद्दल प्रश्न असतात. जानेवारी २०२५ पासून तिची नमुना-निवड जिल्हा धरून होते. पण आपला मुंबई उपनगर जिल्हा म्हणजे २०११ च्या जनगणनेत ९३ लाखांवर वस्ती, त्यात मरोळ आणि मुलुंड एकाच सरासरीत जातात. म्हणून वॉर्डनिहाय मोजणी हवी आणि ती गाळ्यांच्या दारात जाऊन व्हायला हवी. देवनार, गोरेगाव आणि पवईच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एक सत्र हे काम द्यावे. प्रश्न चारच पुरेत: मस्टरवर नाव कुणाच्या फर्ममध्ये आहे, पगार कोण देतो, फंड कापला जातो का आणि कापलेला फंड खात्यात भरला जातो का.