सोफ्यावर डबा, जमिनीवर माणूस

सबवूफर म्हटलं की मला विसर्जनाची मिरवणूकच आठवते. ट्रॉलीवर रचलेली काळ्या खोक्यांची भिंत, थरथरणाऱ्या खिडक्या, आणि कानांच्या आधी बरगड्यांना ऐकू येणारा तो आवाज. म्हणून कोथरूडच्या आमच्या एका काकांनी "तबला ऐकायला सबवूफर घेतोय" असं सांगितलं, तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली. काका बँकेतून निवृत्त झालेले. सवाई गंधर्व महोत्सवाला उशी, थर्मास घेऊन तळ ठोकणारे. पस्तीस वर्षांचा स्टीरिओ अँप्लिफायर आणि पाच इंची वूफरचे दोन छोटे स्पीकर एवढा त्यांचा संसार. "डग्गा येतो गं, पण त्याला पोट नाही," ते म्हणाले. "शनिवारी माणूस येतोय बसवायला. ये, बघ."

गेले तर दार उघडंच होतं. काकांच्या सोफ्यावर, त्यांच्या नेहमीच्या जागी, पाहुण्यासारखा एक काळा चौकोनी डबा बसवला होता. त्यातून डबल बासच्या चार-पाच सुरांचं आवर्तन पुन्हा पुन्हा वाजत होतं. आणि साउंडवाला भिंतीच्या कडेकडेने रांगत होता.

अक्षरशः रांगत होता. चाळिशी ओलांडलेला, शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला माणूस, दोन्ही हात फरशीवर, मान तिरकी, कान जमिनीपासून वीतभर वर. दोन पावलं सरकायचा, थांबायचा, डोळे मिटायचा, पुढे. मध्येच खिशातून खडू काढून फरशीवर फुली मारायचा. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसूही होतं आणि आताच पुसलेल्या फरशीची काळजीही.

"डबा जिथे वाजणार तिथे मी, आणि काका जिथे बसणार तिथे डबा," त्याने रांगता रांगताच समजावलं. डबा एकदा इथे, एकदा तिथे उचलून ठेवण्यापेक्षा कानच फिरवायचा. आवाजाला या दोन जागांमधला रस्ता जाता-येता सारखाच. सोफ्यावरून जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, तिथे डबा ठेवला की सोफ्यावरही ते तसेच पोचतात.

मीही रांगून पाहिलं. कोपऱ्यात एक सूर असा फुगत होता, की बाकीचे त्याच्या मागे लपले. हॉलच्या मध्याकडे सरकले तर तोच सूर बसला. वादक तोच, रेकॉर्डही तीच. फरक खोलीचा.

हॉल १४ फूट लांब, १० फूट रुंद. साउंडवाल्याने टेप लावली आणि म्हणाला, "इथेच घोळ आहे. ऐंशी." डब्याच्या मागच्या बटणावर कंपनीने ८० हर्ट्झवर ठळक खूण केली होती. त्याच्या खालचे सूर डब्याने वाजवायचे, वरचे स्पीकरने. सिनेमाच्या घरगुती जोडणीत ही ऐंशीची रेघ रूढ केली टीएचएक्सने, म्हणजे १९८३ मध्ये जॉर्ज लुकासच्या कंपनीतून निघालेल्या त्या मानकाने. पण ८० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी सुमारे १४ फूट. काकांचा हॉल नेमका तेवढाच. ४० हर्ट्झची अर्धी लाटही तेवढीच. म्हणजे हे दोन्ही सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये पाळण्यासारखे झुलत राहणार. आणि डबल बासच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास. कोपऱ्यात फुगला होता तो हाच.

साउंडवाला मूळचा घरगुती कामातला नव्हे. सहा वर्षं मंडपवाल्यांकडे होता. उजव्या कानाला वरचे सूर आता कमी येतात, हे त्याने चहा पिताना हवापाणी सांगावं तसं सांगितलं. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५, हा नियम त्याला पाठ. मोडणाऱ्यांच्या बाजूला राहून पाठ झालेला. "तिकडे मंडळवाले सांगायचे, छाती हलली पाहिजे. इथे उलटं. डबा वाजतोय हे कळलंच नाही पाहिजे."

मला मात्र अजून पटत नव्हतं. पुरुष गायक काळी एकमध्ये गातो तेव्हा तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास लागतो. आमच्या घरच्या ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या स्पीकरला तो काढणं शक्य नव्हतं, तरी आम्ही आकाशवाणीवर खर्ज ऐकलाच की! ऐकला म्हणजे मनाने भरून काढला. वरचे स्वरांश कानावर आले की मेंदू मूळ स्वर स्वतःच उभा करतो, हे शास्त्र आहे. मग एवढी फुकटची सोय असताना हा खर्च कशाला? काकांनी उत्तर दिलं नाही. नुसता पंजा हवेत घासून डग्ग्याचा घिस्सा दाखवला.

खडूच्या फुल्या तीन. त्यातली साउंडवाल्याला हवी असलेली लांब भिंतीच्या बरोबर मध्यावर. तिथे ४० चा जोर मुळात धरतच नाही. आणि तिथे काकूंचं शिलाई मशीन होतं.

पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग काकूच म्हणाल्या, "खिडकीशी न्या. नाहीतरी इथे सुई दिसत नाही मला."

मशीन गेलं, डबा आला. खाली रबराचे जाड तुकडे, कारण स्लॅबखाली दुसऱ्याचं घर आहे. जुन्या अँप्लिफायरला सबवूफरची वेगळी जागा नव्हती, म्हणून स्पीकरच्याच खुंट्यांवरून तार काढली. डब्यात स्वतःचा अँप्लिफायर असतो. तो जुन्याकडून फक्त इशारा घेतो, भार टाकत नाही. तपकीर गल्लीतल्या दुकानातून आणलेली ती तार त्याने खिशात स्ट्रिपर असताना दाताने सोलली.

मग बटणं. मधल्या जागेने ४० चा प्रश्न सुटला, पण ८० साठी तीच जागा सगळ्यात वाईट. म्हणून कापायची रेघ ऐंशीवरून सत्तरवर, सत्तरवरून साठवर. काका डोळे मिटून सोफ्यावर, साउंडवाला डब्यामागे. स्पीकर आणि डबा एकाच वेळी पुढे ढकलताहेत की एक ढकलतोय आणि दुसरा ओढतोय, ते ठरवणारं फेजचं बटण तो केसभर फिरवायचा. "आता?" "पातळ." "आता?" "हां... नाही, मागे घे." ५० च्या आसपास शोकेसची काच खुळखुळली. काकूंनी विजेच्या बिलाची घडी खाचेत कोंबली. आवाजाचं बटण तर फक्त खालीच येत गेलं. प्रत्येक वेळी काका म्हणायचे "बास", आणि साउंडवाला आणखी थोडा कमी करायचा.

शेवटी तीनतालातलं तबल्याचं एकल वादन लावलं. मला काहीच वेगळं वाटलं नाही. स्पीकर दोन, आवाज त्यांच्याच जागेवरून. डबा गप्प. एवढ्यासाठी हा माणूस गुडघे झिजवत होता? तेवढ्यात साउंडवाल्याने न सांगता डब्याचं बटण बंद केलं.

धा धाच राहिला. पण मनगट डग्ग्यावरून सरकताना सूर जो खालून वर चढत होता, त्याची खालची पायरी गेली. मागची हवाही गेली. टाळ्या वाजण्याआधी सभागृहात असते ती. काका काही बोलले नाहीत, नुसतं वळून पाहिलं. त्याने बटण परत लावलं आणि गुडघ्यावरचा खडू झटकू लागला.

पंधरा दिवसांनी फोन केला. शिलाई मशीन उजेडात आल्याने काकू खूश आहेत. खालच्या मजल्यावरून तक्रार नाही. फरशीवरची एक फुली अजून निघालेली नाही. आणि सबवूफर?

"काल आणखी थोडा कमी केला," काका म्हणाले.