सहलीच्या बागा आणि कुंपणाबाहेरची माणसं

सुट्टी लागली की मुलं केवडियाचा हट्ट धरतात. आपल्या अक्कलकुव्याहून सागबारा, डेडियापाड्यावरून तिकडे जाता येतं. २०१८ मध्ये उभा राहिलेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा, फुलांची दरी, आरोग्यवन, जंगल सफारी! जावं, जरूर जावं. पण मैत्रिणींनो, या बागा फुलल्या ती जमीन कुणाची, तेही मुलांना सांगावं.

नवागाम, लिमडी, गोरा, वागडिया, केवडिया आणि कोठी ही तिथली सहा गावं. वस्ती मुख्यतः तडवी आदिवासींची. १९६१ मध्ये पंडित नेहरूंनी धरणाची कोनशिला बसवली, आणि त्याच सुमारास धरणाच्या वसाहतीसाठी या गावांच्या जमिनी सरकारने घेतल्या. त्यातली बरीचशी वापराविना पडून होती. लोक ती कसत राहिले. पुढे धरणासाठी घेतलेल्या त्या जमिनीवर पर्यटन आलं. २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, तारेची कुंपणं पडू लागली आणि गावकरी विरोधाला उभे राहिले.

आपल्याकडचं मणिबेली बुडालं. तिथल्या लोकांना हक्कासाठी फार झगडावं लागलं, पण १९७९ च्या नर्मदा लवादाने बुडितातल्या शेतकऱ्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन सांगितली होती. या सहा गावांच्या शेतात मात्र पाणी आलंच नाही. म्हणून जमीन जाऊनही ते लवादाच्या हिशेबात ‘विस्थापित’ ठरले नाहीत! सरकार म्हणतं, जमीन कायद्यानेच घेतली. नंतर देऊ केलेली भरपाई अनेकांनी नाकारली.

रस्त्याकडेला चहा-भजी विकणाऱ्यांच्या टपऱ्याही तिथून हटवल्या गेल्या. हे मात्र आपल्या गावातही घडू शकतं बरं का! नगरपालिकेने बाग सुधारायला घेतली, की फाटकाजवळची शेंगा विकणारी मावशी आधी हलते. अशा वेळी तिला एवढं सांगा: २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्रेत्यांची पाहणी पुरी होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, आणि पुढेही ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात, त्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. पाहणीत मावशीचं नाव लागलंय का, ते तिच्याबरोबर जाऊन विचारा. अर्ज लिहायला तिला मदत करा, आणि पोच मात्र आठवणीने घ्या.