गुरूंची वंशावळ

कुळाची वंशावळ आपण जपतो; गुरूंची कोण जपतो? गणितज्ञ जपतात! कोणी कोणाच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली, याची मोठी नोंदवही अमेरिकेतील प्राध्यापक हॅरी कून्स यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू केली. आज तीत तीन लाखांहून अधिक नावे आहेत. राजचंद्र बोस गुरू, शरच्चंद्र श्रीखंडे शिष्य. या जोडीने पार्करसह १९५९ साली ऑयलरचे पावणेदोनशे वर्षे जुने अनुमान खोटे ठरवले.

पण ठाण्याच्या शाळेत शिकलेल्या दत्तात्रय कापरेकरांचे काय? त्यांच्यापाशी डॉक्टरेट नव्हती. ते देवळालीला शाळामास्तर होते. चार अंकी संख्या घ्या, मात्र सारे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. फार तर सात खेपांत ६१७४! हा शोध कापरेकरांचा. त्यांना पाढे शिकवणारे गुरुजी मात्र कोणत्या वहीत आहेत?

कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत असे गुरुजी आणि बाई आहेत. त्यांची वंशावळ आपल्यालाच ठाऊक. यंदा फराळाचा एक डबा त्यांच्याकडे न्याल ना?