काळं की लाल? पोटाचे रंग

रात्री बिटाची कोशिंबीर चापायची आणि सकाळी संडासात लाल रंग बघून हातपाय गाळायचे, हा प्रसंग बऱ्याच जणांवर आलेला असतो. बिटाचा रंग काहींच्या पोटात पुरता मोडतच नाही. लोहाच्या गोळ्यांनी शी काळपट होते, तीही रक्ताच्या थेंबाविना.

मग खरं रक्त कसं दिसतं? जठरात झिरपलेलं रक्त आम्लातून आणि आतड्यातल्या जंतूंच्या तावडीतून जात बाहेर येतं ते डांबर होऊन: काळंकुळीट, चिकट, आणि वास असा की एकदा आला की माणूस विसरत नाही. त्याला रक्तही फार लागत नाही. 50 ते 100 मिलिलिटर, म्हणजे टपरीवरचं एक कटिंग, एवढंही पुरतं. उलटीतून पडलं तर कॉफीचा चोथा! 1821 मध्ये सेंट हेलेना बेटावर नेपोलियनचं शवविच्छेदन झालं, तेव्हा त्याच्या जठरात अगदी असाच ऐवज सापडला.

लालभडक रक्त बहुधा खालच्या टोकाचं, मूळव्याधीचं किंवा फिशरचं. बहुधा, बरं का! वरचा अल्सर धो धो वाहू लागला तर तेही लालच येतं. आणि ‘मूळव्याधच असणार’ म्हणत वर्षभर मलम लावत बसलेल्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सरही निघतो.

गंमत म्हणजे, आतडं आपलंच रक्त मटणासारखं पचवतं. शेवटी प्रथिनंच ती! म्हणून पोटात वरच्या अंगाला रक्त वाहिलं की तपासणीत युरिया चढलेला दिसतो.

अल्सरचं खापर आपण तिखट आणि टेन्शनवर फोडतो, पण पहिला गुन्हेगार एक जंतू. 1984 मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं हेलिकोबॅक्टर जंतूंचा काढाच पिऊन टाकला आणि जठराला सूज आणवून घेतली. 2005 मध्ये रॉबिन वॉरनसोबत नोबेल! दुसरा गुन्हेगार आपल्या औषधांच्या डब्यात असतो: अंगदुखीची गोळी. जठराचं अस्तर राखणारी रसायनंच ती कमी करते, तेही रक्तातून. त्यामुळे ‘डॉक्टर, गोळी नको, इंजेक्शन द्या, पोटाला बरं’ ही युक्ती फोल. दारूनं लिव्हर आक्रसलं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटल्या की बादली लागते.

सगळ्यात लबाड ती बारीक गळती. दिसत काहीच नाही. जिना चढताना धाप, चेहरा पांढराफटक, आणि कधी पाटीवरची पेन्सिल खाण्याची अनावर इच्छा, कारण लोह संपलेलं. डांबरी शी आणि सोबत चक्कर किंवा घाम असेल, तर मात्र थेट दवाखाना गाठायचा.

दुर्बीण वरून आणि खालून घालूनही गळती सापडली नाही, तर कॅमेराच गिळायला देतात. गाव्रिएल इदान या इस्रायली क्षेपणास्त्र-अभियंत्याची ही कल्पना; अमेरिकेत 2001 मध्ये मान्यता मिळाली. कॅप्सूलएवढा तो कॅमेरा हजारो फोटो काढत आतडं पालथं घालतो आणि नेहमीच्याच वाटेनं बाहेर पडतो. परत कोणी मागत नाही.